दोन फरश्या मागे

सुप्रभा मोघेने बावीस वर्षं हॅरोमधल्या एका प्राथमिक शाळेसमोर गाड्या थांबवल्या. पायघोळ पिवळा कोट, डोक्यावर टोपी, हातात स्वतःपेक्षा वीतभर उंच काठी आणि काठीच्या टोकाला गोल पाटी. इथे अशा बाईला लॉलीपॉप लेडी म्हणतात. तिच्या साताऱ्याच्या भावाला हे नाव कधीच पटलं नाही. "आमची ताई लंडनला ट्रॅफिक खात्यात आहे," असं तो लोकांना सांगायचा.

सकाळी सव्वाआठ ते सव्वानऊ आणि दुपारी तीन ते चार. पाऊस असो, बर्फ असो, सुप्रभा हजर. तिचा एकच नियम होता. पोरांनी फुटपाथच्या काठावर उभं राहायचं नाही. दोन फरश्या मागे. "टू स्लॅब्ज बॅक!" ती ओरडायची आणि मुलं, त्यांच्या आया, एकदा तर खुद्द हेडमास्तरीणबाई निमूट मागे सरकल्या होत्या. काठावर उभं राहिलेलं पोर पाय पुढे टाकतंच, मग तुम्ही कितीही ओरडा, हे तिने पहिल्याच वर्षी ओळखलं होतं. पोराला मागेच ठेवलं की त्याला आपलं बोलणं ऐकू येतं.

ईस्टरच्या सुट्टीआधी ती निवृत्त झाली. मुलांनी कार्डं दिली, केक कापला, तिच्या जागी आलेल्या राजला तिने दोन दिवस सगळं समजावून दिलं. राज पूर्वी बस चालवायचा. पन्नाशीचा, पोट सुटलेला, मनाने चांगला माणूस. आणि मग सोमवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी सुप्रभा बूट घालून दारात उभी राहिली.

"कुठे निघालीस?" नवऱ्याने विचारलं. शशिधर मोघे, निवृत्त हिशेबतपासनीस, सोफ्यावर चहा घेऊन बसले होते.

"कुठे नाही."

"गाड्या आता तुझ्यावाचूनही थांबतात गं."

हे त्यांनी गमतीत म्हटलं होतं, पण त्या दिवशी त्यांच्या आमटीत मीठ नव्हतं.

मे महिन्यात तात्या आले. बेवारस कुत्र्यांच्या शेल्टरमधल्या पिंजऱ्यावर त्यांचं नाव काही तरी वेगळंच लिहिलेलं होतं. टेरियर जातीचं सहा वर्षांचं मिश्रण, राखाडी, केस तारेसारखे ताठ. भुवया दाट, दाढी लोंबलेली आणि चेहरा असा की जणू पंगतीत तूप आपल्यापर्यंत येता येता संपलंय. सुप्रभाचे तात्याकाका अगदी असेच दिसायचे. "अहो, हे तर आपले तात्या!" ती म्हणाली आणि नाव पक्कं झालं. एकदा तात्या म्हटल्यावर अरे-तुरे कसं करणार? त्यामुळे हॅरोतल्या त्या घरात कुत्र्याला "तात्या, या", "तात्या, बसा", "अहो, ते सोफ्यावरचं काय ते पुरे" असं सुरू झालं. पहिल्या आठवड्यात जरा गोंधळ व्हायचा. सुप्रभाने स्वयंपाकघरातून "अहो, थांबा" म्हटलं की घरातले दोघंही थांबायचे.

घरात तात्या म्हणजे सज्जन माणूस. त्यांच्या खाण्याचे डबे गॅरेजमध्ये असत, वेगळा चमचा, वेगळं ताट, कारण मोघ्यांच्या स्वयंपाकघरात तीस वर्षांत मांस आलेलं नव्हतं. तात्यांनी तेही समजून घेतलं. जेवायची वेळ झाली की ते स्वतः जाऊन गॅरेजच्या दाराशी बसत.

पण गळ्याच्या पट्ट्याला लीडची दोरी लागली आणि रस्त्यावर दुसरा कुत्रा दिसला की तात्यांच्या अंगात यायचं. ते मागच्या दोन पायांवर उभे राहायचे, दोरीला हिसके द्यायचे आणि असे भुंकायचे की पलीकडच्या रस्त्यावरचे पडदे हलायचे. समोरचा कुत्रा वासराएवढा असो की उंदराएवढा, तात्यांना फरक पडत नसे. सुप्रभा लाल होऊन "सॉरी, सॉरी, सो सॉरी" म्हणत त्यांना ओढत न्यायची.

मग ती पहाटे पाचला निघायला लागली, तेव्हा रस्त्यावर कुणी नसायचं. लांबून कुत्रा दिसला की गाडीआड उभी राहायची, नाही तर कचऱ्याच्या डब्यांमागे. जिला या भागात दर चार पावलांना कुणी तरी "मॉर्निंग, मिसेस एम!" म्हणायचं, ती आता चोरासारखी चालायला लागली. शाळेच्या रस्त्याला तर तिने जायचंच सोडलं.

जूनमध्ये एकदा मात्र तिचा मोह आवरला नाही. शाळा सुटायची वेळ, ऊन छान पडलेलं, पोरं ओळखतील, तात्यांना बघतील. वळणावरून एक पांढरी पूडल आली. तात्यांनी झेप घेतली, दोरी तिच्या मनगटाभोवती गुंडाळलेली होती, आणि सुप्रभा मोघे आपल्याच क्रॉसिंगवर, पंचवीस-तीस मुलांसमोर, पालथी पडली. गुडघे सोलवटले, मनगट मुरगळलं. राज काठी टाकून धावत आला. मुलं रडायला लागली. तिला लागलं त्याचं दुःख नव्हतं. ज्या जागी बावीस वर्षं कुणी पोर पडू दिलं नाही, त्या जागी आपण पडलो, हे तिला लागलं.

संध्याकाळी केंब्रिजहून देवयानीचा फोन आला. लेक तिथे प्रयोगशाळेत काम करते, जन्म इथलाच.

"आई, इट्स नॉट सेफ. तुझी हात मोडली असती! तो डॉग परत दे, प्लीज."

"हात मोडला असता," सुप्रभा म्हणाली. "आणि मोडलेला नाही."

"डोन्ट चेंज द सब्जेक्ट, आई."

शशिधरांनी शेल्टरला फोन केला. तिथली बाई फार गोड बोलली. परत आणा, आम्ही अजिबात वाईट वाटून घेणार नाही, असं होतं कधी कधी. सुप्रभा शेजारी बसून ऐकत होती. तात्या तिच्या पायावर हनुवटी टेकून झोपले होते.

"उन्हाळी सुट्टीनंतर शाळा उघडेपर्यंत द्या मला," ती म्हणाली. "सप्टेंबरमधला शाळेचा पहिला दिवस. साडेआठ वाजता शाळेच्या रस्त्याने त्यांना नेऊन आणते. जमलं नाही तर मी स्वतः त्यांना शेल्टरला सोडून येईन. एक शब्द बोलणार नाही."

शशिधरांनी कॅलेंडरवर तारखेला गोल केला. हिशेबतपासनीस माणूस.

नीना त्यांना लायब्ररीत लावलेल्या जाहिरातीवरून मिळाली. हॅरोत वाढलेली गुजराती मुलगी, केस आखूड, पँटला नऊ खिसे आणि प्रत्येक खिशात काही तरी वास येणारं. कुत्र्यांना शिकवणं हा तिचा धंदा. पहिल्या दिवशी तिने काहीच शिकवलं नाही. "आंटी, नेहमी जाता तशा जा. मी मागून व्हिडिओ काढते."

ते गेले. पंधरा मिनिटांत एक स्पॅनियल आला, तात्यांच्या अंगात आलं, सुप्रभाने सॉरी-सॉरी केलं, सगळे परत आले. नीनाने फोन टेबलावर ठेवला.

"आता तात्यांकडे बघू नका. स्वतःकडे बघा."

फोनमध्ये लांबवर स्पॅनियल वळणावर दिसला. तात्या एका फाटकाच्या खांबाचा वास घेण्यात रंगले होते. त्यांना पत्ताच नव्हता. पण फोनमधली बाई ताठ झाली. तिने दोरीचे मनगटाभोवती दोन वेढे घेतले. डावा हात समोर केला, पंजा उघडा, अगदी लॉरी थांबवावी तसा. आणि दोन ढांगा पुढे गेली. सरळ स्पॅनियलच्या दिशेने. तेव्हा कुठे तात्यांनी मान वर केली, आधी तिच्याकडे पाहिलं, मग ती जिकडे निघाली होती तिकडे, आणि सुरू झाले.

नीनाने व्हिडिओ थांबवला.

"आधी कुणी पाहिलं?" नीनाने विचारलं.

"मी."

"चालून कोण गेलं?"

"अगं बाई," सुप्रभा म्हणाली.

कुणाला ठाऊक होतं? संकट दिसलं की सगळं जग मागे सरतं आणि तिचं काम पुढे व्हायचं. बावीस वर्षांत ते पायांत मुरलं होतं. निवृत्तीचं कार्ड हातात आलं, पायांना कुणी कळवलंच नव्हतं.

"तात्या भांडखोर नाहीत," नीना म्हणाली. "ते घाबरतात. आणि त्यांना वाटतं, बाई लढाईला निघाल्या. मग तेही बिचारे जीव मुठीत धरून तुमच्या बाजूने उभे राहतात."

शशिधर इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. "अडतीस वर्षं माझंही हेच चाललंय!"

"तुम्ही गप्प बसा," सुप्रभा म्हणाली. तात्या लगेच बसले.

मग नीनाने काम सांगितलं. दुसरा कुत्रा इतक्या लांब हवा की तात्यांना दिसेल, पण त्यांचा तोल जाणार नाही. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं की त्या क्षणी एक छोटासा आनंदाचा शब्द म्हणायचा आणि तोंडात काही तरी फार आवडीचं द्यायचं. दोरी सैल. भुंकल्यावर ओढायचं नाही, ओरडायचं नाही, शांतपणे वळून लांब जायचं. मग रोज थोडं थोडं अंतर कमी करायचं. "फार जवळ नेलं की त्यांना तुमचं काही ऐकूच येत नाही, आंटी. मग शिकणं संपलं."

सुप्रभाने मान वर केली. हे तर ती बावीस वर्षं ओरडत होती. "म्हणजे दोन फरश्या मागे!"

"तात्यांच्या बाबतीत," नीना म्हणाली, "चाळीस."

शब्दावर अडलं नाही. सुप्रभाने "वा!" ठरवला. छोटा, गोड, आणि तोंडातून चिडून निघूच शकत नाही असा. अडलं खाऊवर. नीना म्हणाली चिकनचे तुकडे, सॉसेज. गॅरेजमधले डबे एक वेळ ठीक, पण कोटाच्या खिशात चिकन? नाही बाई. गाजर तात्यांनी तोंडातून परत काढून ठेवलं. पनीर खाल्लं, पण उपकार केल्यासारखं. कुत्र्यांची बिस्किटं तर त्यांनी शशिधरांच्या बुटात नेऊन लपवली.

रविवारी सुप्रभाने नेहमीप्रमाणे तूप कढवलं. बिनमिठाचं लोणी पातेल्यात, मंद आच, घरभर तो वास. तूप गाळून झालं आणि ती वळली तर तात्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर. डोळे मोठे, दाढी थरथरत. पातेल्याच्या तळाशी तपकिरी, खमंग बेरी राहिली होती. तिने नखाएवढी बोटावर घेऊन पुढे केली. तात्यांनी डोळे मिटले.

"वा!" सुप्रभा म्हणाली.

नीनाला बेरी म्हणजे काय हे समजावताना अर्धा तास गेला. तिने हुंगून पाहिली, चाखली, आणि म्हणाली, "दाण्याएवढीच द्यायची, फॅट आहे. पोळीच्या चुऱ्यात मिसळा. आणि आंटी, थोडी मला पण."

यात खरा अन्याय झाला तो शशिधरांवर. दर रविवारी साखर घालून ती बेरी खायचा हक्क लग्नापासून त्यांचा होता.

"माझी बेरी कुत्र्याला?"

"तात्यांना," सुप्रभा म्हणाली.

जुलै उजाडला. नीनाकडे एक खोटा कुत्रा होता, भुशाने भरलेला काळा लॅब्रडॉर, खऱ्याएवढाच. सुरुवातीला तो बरा, म्हणाली, कारण तो कधी अंगावर येत नाही. पण त्याला कुणी तरी चालवायला हवं. सगळ्यांनी शशिधरांकडे पाहिलं.

"शक्य नाही," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता शशिधर मोघे, इस्त्रीची पँट, कोपरांना चामड्याचे तुकडे लावलेला कोट, पार्कच्या त्या टोकाला भुशाचा कुत्रा ओढत चालत होते. कुत्र्याच्या पायांना चाकं नव्हती, त्यामुळे तो दर चार पावलांनी कलंडायचा. शशिधर त्याला सरळ करायचे आणि इकडे तिकडे बघायचे. चाळीस फरश्यांइतक्या अंतरावर तात्या टक लावून बघत होते.

"वा!" बेरी. "वा!" बेरी.

तेवढ्यात महाराष्ट्र मंडळाचे खजिनदार हरीश चिटणीस धावायला आले. थबकले. लॅब्रडॉरकडे पाहिलं, शशिधरांकडे पाहिलं.

"मोघे," त्यांनी हळूच विचारलं, "सगळं बरं आहे ना?"

"उत्तम."

"नाही, वहिनी नुकत्याच रिटायर झाल्या... ताण येतो घरात. माझ्या ओळखीचा एक डॉक्टर आहे."

"चिटणीस, तुम्ही धावा," शशिधर म्हणाले. मागे कुत्रा पुन्हा कलंडला.

त्या रात्रीपर्यंत मंडळात बातमी पोचली होती. सुप्रभाला तीन फोन आले. तिघींनाही तिने खरं ते सांगितलं आणि तिघींचाही विश्वास बसला नाही. शशिधर मात्र दुसऱ्या दिवशी पावणेसातलाच तयार होते. "कलंडतोय तो. त्याच्या पोटाखाली काठी बांधू का?" त्यांनी विचारलं.

चाळिसाच्या तीस फरश्या झाल्या. मग भुशाचा जाऊन खरे कुत्रे आले. नीनाची म्हातारी, आळशी कुत्री आधी, मग पार्कातले ओळखीचे. सुप्रभा पावलं मोजायची. कुत्रा दिसला की तिचे पाय अजून पुढे व्हायला बघायचे. तिने त्यावर उपाय काढला: डावा हात कोटाच्या खिशात घालून ठेवायचा. हात खिशात असला की पाय आपोआप जागेवर राहायचे. दोरी सैल सुटायची. आणि तात्या कुत्रा बघून वळून तिच्याकडे पाहायला लागले. मागितल्याशिवाय. कुत्रा, आणि लगेच बाई. जणू म्हणताहेत, पाहिलं बरं का, काढा काय ते.

पंचवीस. वीस. बारा.

ऑगस्टच्या मध्यावर एक मोकळा सुटलेला बॉक्सर पार्कातून धावत आला. मागून त्याचा मालक ओरडत होता, "काळजी नको, तो फ्रेंडली आहे!" फ्रेंडली बॉक्सर तात्यांच्या तोंडावर येऊन आदळला. तात्यांच्या पुन्हा अंगात आलं. सुप्रभाचा हात खिशातून बाहेर आला, पंजा उघडला, तिने दोन ढांगा पुढे टाकल्या आणि बॉक्सरच्या मालकाला जे काही सुनावलं ते मराठीत होतं, पण त्याला समजलं.

घरी येऊन ती जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली. कोटही काढला नाही.

"संपलं सगळं," ती म्हणाली. "आता पुन्हा पहिल्यापासून."

शशिधर तिच्या शेजारी बसले. त्यांच्या हातात छोटी वही होती. "पुढे झालीस ते बरोबर केलंस. तो अंगावरच आला होता. आता हे बघ. जूनमध्ये पूडल दिसली त्या दिवशी तात्या संध्याकाळपर्यंत धापा टाकत होते. आज आपण फाटकात आलो तेव्हा ते गुलाबाचा वास घेत होते. मी घड्याळ लावलं होतं. चार मिनिटं."

"तुम्ही वही ठेवलीये?"

"मला सवय आहे."

तिने वही घेतली. तारखा, अंतरं, किती वेळा भुंकले, किती वेळात शांत झाले. अक्षर मोत्यासारखं. कोपऱ्यात एका ठिकाणी बारीक लिहिलं होतं: आज सु. हसली.

तिने वही मिटून परत दिली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा वीस फरश्यांवर गेली.

सप्टेंबरमध्ये शाळेच्या पहिल्या दिवशी साडेआठला ती निघाली. देवयानी मुद्दाम आदल्या रात्री केंब्रिजहून आली होती. "मी कार घेऊन येते. जस्ट इन केस." शेल्टरला न्यायला, हे तिने म्हटलं नाही. शशिधर लेकीबरोबर क्रॉसिंगच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभे राहिले.

रस्ता माणसांनी भरलेला. नवे गणवेश, ढगळ स्वेटर, बाबागाड्या, स्कूटर, आणि प्रत्येक चौथ्या आईच्या हातात कुत्रा. सुप्रभाने डावा हात खिशात घातला. एक करडा ग्रेहाउंड गेला. तात्यांनी पाहिलं, वळले. "वा!" दोन पग, एकाच दोरीला. "वा!" कुणी तरी हाक मारली, "मिसेस एम! इट्स मिसेस एम!" तिने मान हलवली, थांबली नाही. तिच्या पाठीला घाम आला होता.

वळणावरून पांढरी पूडल आली.

तीच. तात्या थांबले. कान उभे, पाठीवरचे केस ताठ. आपला पाय उचलला जातोय हे सुप्रभाला जाणवलं. तिने तो परत खाली ठेवला. दोरी सैल होती. ती फक्त उभी राहिली, जशी पोरांच्या ओळीत एखादी आई उभी राहते. एक, दोन, तीन.

तात्यांनी मान वळवली आणि तिच्याकडे पाहिलं.

"वा!" ती म्हणाली. बेरी पोचली. एक नाही, तीन.

आता फक्त क्रॉसिंग राहिलं होतं. ती काठाकडे चालली, तेवढ्यात खणखणीत आवाज आला.

"टू स्लॅब्ज बॅक, प्लीज! यू टू, मिसेस एम!"

राज. पिवळ्या कोटात, काठी हातात. सुप्रभाने खाली पाहिलं. उत्साहाच्या भरात ती अगदी काठावर आली होती. तात्या मात्र बरोबर दोन फरश्या मागे बसले होते, पोरांच्या ओळीत, भुवया उचलून, ही बाई काय करतेय असं बघत.

ती मागे सरकली. राज रस्त्याच्या मध्ये गेला, काठी उभी केली. इकडून बस थांबली, तिकडून लॉरी. बावीस वर्षांत पहिल्यांदा तिच्यासाठी कुणी तरी रस्ता थांबवला होता. तिला मध्येच उभं राहून ते नीट बघावंसं वाटलं, पण मागून पोरं ढकलत होती. ती तात्यांना घेऊन रमतगमत, राणीसारखी पलीकडे गेली. अर्ध्यावर एक काळा लॅब्रडॉर शेजारून गेला, खरा. तात्यांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि याचा तोल कसा जात नाही म्हणून जरा नवल केलं.

"वा!" सुप्रभा म्हणाली.

"वा!" मागची सगळी पोरं ओरडली. तात्या गोंधळले. एवढ्या जणांपैकी बेरी कुणाकडे मागायची?

पलीकडे देवयानी एका हाताने डोळे पुसत होती आणि दुसऱ्याने तात्यांची दाढी कुरवाळत होती. "आई, हा किती चांगली आहे!"

"हे किती चांगले आहेत," सुप्रभा म्हणाली.

शशिधरांनी खिशातून वही काढली, आजची तारीख घातली, काही तरी लिहिलं आणि वही मिटली. मग घरी जाताना हळूच म्हणाले, "येत्या रविवारी लोणी दुप्पट आणू या."

"कशाला?"

"हे आता कायमचे आले ना. माझ्याही वाट्याला काही तरी उरायला हवं."